बाळ जन्मताच रडलं नाही तर: मेंदूला प्राणवायू कमी पडलेल्या बाळाच्या पालकांसाठी

‘बाळ रडलं नाही, एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) नेलंय.’ प्रसूतिगृहाबाहेर थांबलेल्यांना एवढंच सांगितलं जातं, आणि तिथून पुढे सगळ्यांच्या डोक्यात एकच प्रश्न घोळायला लागतो: मेंदूला काही झालं असेल का? अडचण अशी की पहिल्या तासात याचं उत्तर कोणाकडेच नसतं, मोठ्यातल्या मोठ्या डॉक्टरांकडेही नाही. दुसऱ्या काही प्रश्नांची उत्तरं मात्र त्याच तासात मिळतात आणि तेव्हा विचारायची राहून गेली तर नंतर मिळत नाहीत. म्हणून हा लेख वेळेच्या क्रमाने लिहिला आहे: कोणत्या टप्प्यावर काय करता येतं, काय विचारायचं, आणि कशासाठी थांबावंच लागतं.

इथे बोलतोय ते साधारण ३६ आठवडे पुरे झालेल्या बाळांबद्दल. फार लवकर जन्मलेल्या बाळांच्या मेंदूची इजा वेगळ्या भागात, वेगळ्या कारणांनी होते आणि खालचे उपचार त्यांना जसेच्या तसे लागू होत नाहीत. कागदावर तुम्हाला ‘एचआयई’ अशी अक्षरं दिसतील. हायपॉक्सिक इस्केमिक एन्सेफॅलोपॅथी, म्हणजे प्राणवायू आणि रक्तपुरवठा कमी पडल्यामुळे मेंदूचं काम बिघडणं.

आत काय घडतं

पोटात असताना बाळाला प्राणवायू मिळतो तो वारेतून (प्लॅसेंटामधून), नाळेवाटे. वार वेळेआधीच गर्भाशयापासून सुटली, बाळाच्या आधी नाळ खाली घसरली, आधीच्या सिझेरियनचा व्रण फाटला, डोकं बाहेर येऊन खांदे अडकले किंवा आईचा रक्तदाब एकदम कोसळला, तर हा पुरवठा काही मिनिटांत तुटतो. आईचा वाढलेला रक्तदाब किंवा नीट काम न करणारी वार असेल, तर तो दिवसेंदिवस थोडाथोडा कमी होत जातो. दोन्हींचा परिणाम मेंदूच्या वेगवेगळ्या भागांवर होतो. हा फरक पुढे एमआरआयच्या वेळी कामाला येईल.

नाळेचा वेढा आणि पोटात झालेली शी, या दोन गोष्टींना घरोघरी दोष दिला जातो. मानेभोवती नाळेचा वेढा चार-पाच बाळंतपणांत एकदा तरी सापडतो आणि त्यातली बहुतेक बाळं ठणठणीत असतात. हिरवट पाणी गेलं म्हणजे बाळाला ताण पडला असू शकतो, पण एवढ्यावरून मेंदूला इजा झाली असं ठरत नाही.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट जन्मानंतर घडते. बाळाला श्वास दिला, ठोके परत आले, की मेंदूच्या पेशींची ऊर्जा बऱ्याच अंशी भरून येते. पण साधारण सहा तासांनंतर ती पुन्हा घसरायला लागते आणि ही दुसरी घसरण एक-दोन दिवस, कधी त्याहून जास्त चालते. पुष्कळ पेशी या दुसऱ्या फेरीत मरतात. मधल्या तासांत बाळ वरकरणी सावरल्यासारखं दिसतं, आणि उपचाराची संधीही नेमकी तेवढ्याच तासांत असते.

पोटात असताना: हालचाल आणि ठोके

आईच्या हातात असलेली खात्रीची खूण म्हणजे बाळाची हालचाल. ती साधारण २४ आठवड्यांपर्यंत बहुतेक सगळ्यांना जाणवायला लागते. दिवसाला अमुक इतक्या लाथा मोजायच्या, असा सगळ्या बाळांना लागू पडणारा आकडा नाही. तुमच्या बाळाची नेहमीची तऱ्हा बदलली का, एवढंच बघायचं. ‘शेवटच्या महिन्यात जागा कमी पडते म्हणून बाळ कमी हलतं’ हे वाक्य सर्रास ऐकायला मिळतं आणि ते चूक आहे. लाथेऐवजी घुसळल्यासारखं, सरकल्यासारखं वाटेल. पण हालचाल कमी व्हायला नको. कमी वाटली तर गोड काहीतरी खाऊन सकाळपर्यंत वाट बघत बसायचं नाही. त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्री, दवाखाना गाठायचा. घरी वापरायच्या डॉपलर यंत्रावर विसंबू नका. त्यात आईचीच नाडी बाळाची म्हणून ऐकू येते, आणि ठोके खरंच बाळाचे असले तरी बाळ त्रासात नाही असा त्याचा अर्थ होत नाही.

कळा सुरू झाल्यावर ठोक्यांवर नजर ठेवली जाते, थोड्या थोड्या वेळाने ऐकून किंवा पोटाला पट्टा लावून सलग कागदावर. सलग पट्टीबद्दल एक गोष्ट माहीत असावी. तिने नवजात बाळांतल्या झटक्यांचं (फिट येण्याचं) प्रमाण निम्म्यावर येतं, सिझेरियन वाढतात, पण सेरेब्रल पाल्सीचं, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालीत कायमच्या राहणाऱ्या बिघाडाचं, प्रमाण कमी झाल्याचं दिसलेलं नाही. पट्टी बिघडलेली दिसते तेव्हा बहुतेक वेळा बाळ ठीकच निघतं. त्यामुळे ‘पट्टीत स्पष्ट दिसत होतं’ असं मागाहून कोणी ठासून सांगितलं, तरी ते प्रत्येक वेळी खरं नसतं.

तीन खुणांवर मात्र विचार करत बसू नका: पोट दगडासारखं कडक होऊन न थांबणारं दुखणं, सोबत रक्तस्राव असो वा नसो, आधीचं सिझेरियन असताना दोन कळांच्या मधेही न ओसरणारी कळ, आणि पाणी गेल्यावर योनीत किंवा बाहेर जाणवणारी नाळ. नाळ जाणवली तर ती आत ढकलायची नाही. गुडघे आणि कोपरं टेकून, कंबर डोक्यापेक्षा वर ठेवून ओणवं व्हायचं आणि रुग्णवाहिका बोलवायची.

पहिली दहा मिनिटं

या वेळेत घरच्यांना करण्यासारखं काही नसतं, पण पुढे फाईल वाचताना समजावं म्हणून सांगतो. बाळाला पुसून, चोळून जागं करायचा प्रयत्न होतो. श्वास सुरू झाला नाही तर पहिल्या मिनिटाच्या आत पिशवी आणि मास्कने फुप्फुसांत हवा दिली जायला हवी. पूर्ण दिवसांच्या बाळाला सुरुवात साध्या हवेने करतात, शंभर टक्के ऑक्सिजनने नाही; जास्तीचा ऑक्सिजनही नुकसान करतो. ‘त्यांनी ऑक्सिजन लावायला उशीर केला’ अशी तक्रार करण्याआधी हे लक्षात घ्या. बहुतेक बाळं एवढ्या फुंकरीवर श्वास घ्यायला लागतात.

याच वेळात अपगार गुण दिले जातात. भूलतज्ज्ञ व्हर्जिनिया अपगार यांनी १९५२ मध्ये ही पद्धत मांडली: ठोके, श्वास, स्नायूंचा ताण, प्रतिसाद आणि रंग, प्रत्येकाला ० ते २ गुण. पहिल्या मिनिटाचा गुण कमी असला म्हणून खचून जाऊ नका. त्यावरून पुढचं जवळपास काहीच सांगता येत नाही. पाचव्या मिनिटाला ७ पेक्षा कमी असेल तर दर पाच मिनिटांनी पुन्हा मोजतात. दहाव्या मिनिटाचा आकडा विचारून घ्या, त्याला वजन आहे.

आणखी दोन गोष्टी तेव्हाच होऊ शकतात. पहिली, नाळेतल्या रक्ताची आम्लता तपासणं, किंवा तासाभराच्या आत बाळाच्या रक्ताची. पीएच (कमी तितकी आम्लता जास्त) ७.० किंवा त्याखाली, अथवा बेस डेफिसिट (आम्लता सांगणारा दुसरा आकडा) १६ किंवा त्याहून जास्त, हे आकडे पुढच्या निर्णयात थेट वापरले जातात. दुसरी, वार टाकून न देता पॅथॉलॉजी तपासणीला पाठवणं. जुना जंतुसंसर्ग, रक्ताच्या गुठळ्या, बरेच दिवस कमी पडत असलेला रक्तपुरवठा यांच्या खुणा वारेत राहतात. त्रास कळांच्या वेळी झाला की आधीच सुरू होता, हे सांगणारा तो कधीकधी एकमेव साक्षीदार असतो. घरातल्या एकाने धीर करून ‘वार ठेवली आहे ना?’ एवढं विचारावं.

सहा तासांचं घड्याळ

आता इथे घाई करायची असते. बाळाचं शरीर ठरावीक तापमानापर्यंत थंड ठेवणं हा या आजारावर मोठ्या चाचण्यांत गुण दाखवलेला एकमेव खास उपचार आहे, आणि तो जन्मापासून सहा तासांच्या आत सुरू करावा लागतो. म्हणून जन्माची वेळ मिनिटासह एका कागदावर लिहा आणि जवळ ठेवा.

हा उपचार सगळ्यांना देत नाहीत. आधी बघतात, खरोखर प्राणवायू कमी पडल्याचा पुरावा आहे का: दहाव्या मिनिटाला अपगार ५ किंवा कमी, दहा मिनिटांनंतरही श्वास द्यावा लागणं, किंवा रक्तातली ती आम्लता. मग बघतात, मेंदूचं काम बिघडलंय का, आणि किती. यासाठी हार्वे आणि मार्गारेट सार्नाट यांनी १९७६ मध्ये सांगितलेली तीन पायऱ्यांची वर्गवारी आजही वापरली जाते. सौम्य पायरीतलं बाळ उलट जास्त जागं असतं: डोळे टक्क उघडे, जरा आवाज झाला की दचकतं, हातपाय थरथरतात. मध्यम पायरीत ते मलूल होतं, अंग सैल पडतं, चोखणं कमी होतं, झटके येऊ शकतात. तीव्र पायरीत ते हाकेला, चिमट्याला प्रतिसाद देत नाही आणि श्वासही बऱ्याचदा स्वतःचा नसतो. थंड करण्याचा उपचार मध्यम आणि तीव्र पायऱ्यांसाठी आहे.

पायरी बदलते, हेच बरेचदा निसटतं. दुसऱ्या तासाला सौम्य वाटलेलं बाळ पाचव्या तासाला मध्यम असू शकतं. त्यामुळे एकदा तपासून ‘ठीक आहे’ म्हणणं पुरत नाही. सहा तास होईपर्यंत पुन्हा पुन्हा तपासावं लागतं. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न साधारण असे: बाळ आत्ता कोणत्या पायरीत आहे? परत कधी तपासणार? रक्ताची आम्लता किती आली? थंड करण्याची सोय इथे आहे का, नसेल तर कुठे पाठवणार आणि गाडीत बाळासोबत कोण असेल? चिडून विचारू नका, लिहून घेत विचारा. लिहून घेणाऱ्याला लोक नीट उत्तर देतात.

दुसरीकडे हलवायचं ठरलं तर तापमानाकडे लक्ष हवं. अशा बाळाला ताप येणं वाईट. शरीराचं तापमान ३८ अंश सेल्सिअसवर गेलं तर इजा वाढते. गरम पाण्याच्या पिशव्या आणि दोन-दोन दुलया नकोत. पण उलट टोक त्याहून धोक्याचं आहे. बर्फ किंवा ओली फडकी लावून स्वतः थंड करायचा विचारही करू नका. आतलं तापमान सलग मोजल्याशिवाय थंड केलेलं बाळ बघता बघता ३२ अंशांखाली जातं आणि हृदयाची लय बिघडू शकते. साखर टिकवणं, श्वास टिकवणं आणि तापमान मोजत राहणं हे सोबतच्या पथकाचं काम. तुमचं काम आईची सगळी कागदपत्रं, नाळेच्या रक्ताचा रिपोर्ट आणि संमती देऊ शकेल असं माणूस बाळाबरोबर पाठवणं.

या उपचाराने किती फायदा होतो? प्रगत देशांतल्या चाचण्या एकत्र केल्या तेव्हा सात बाळांना थंड केलं की एक बाळ मृत्यू किंवा मोठ्या अपंगत्वातून वाचतं, असा हिशेब निघाला. फायदा खरा आहे, पण तो जादू नाही. उपचार मिळूनही जवळपास निम्म्या बाळांना यातलं एक वाट्याला आलं. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या सात मोठ्या रुग्णालयांत ४०८ बाळांवर झालेल्या हेलिक्स चाचणीचा निकाल २०२१ मध्ये आला. तिथे थंड केल्याने फायदा दिसला नाहीच, उलट मृत्यूचं प्रमाण थंड केलेल्या गटात ४२ टक्के आणि न केलेल्या गटात ३१ टक्के निघालं. यातल्या बऱ्याच बाळांचं नुकसान कळांच्या आधीच, जास्त दिवस चालू असावं आणि सहा तासांची संधी त्यांच्यासाठी जन्माआधीच संपली असावी, हे त्यामागचं एक स्पष्टीकरण आहे. त्यावर वाद चालू आहे. म्हणून ‘आम्ही या बाळाला थंड न करता सांभाळू’ असं एखादे डॉक्टर म्हणाले तर तो हलगर्जीपणा समजू नका. कारण विचारा. झटके, साखर, रक्तदाब आणि श्वास यांची चोख काळजी हा स्वतःच मोठा उपचार आहे, आणि जिथे हे चोख नाही तिथे गार गादी काही वाचवत नाही.

गार गादीवरचे ७२ तास

पहिल्यांदा आत जाल तेव्हा धक्का बसेल, म्हणून आधीच सांगतो. बाळ उघडं असेल, अंगाखाली पाणी खेळणारी गादी किंवा भोवती आवरण. गुदद्वारातून किंवा अन्ननलिकेतून एक बारीक तार आत गेलेली, तीच आतलं तापमान सतत दाखवते: ३३ ते ३४ अंशांच्या मधे. हात लावला की पाऊल गारढोण लागेल. मॉनिटरवर ठोके ९०-१०० दिसतील आणि नवजात बाळाचे ठोके १४०च्या आसपास असतात हे तुम्ही कुठेतरी वाचलेलं असेल. घाबरू नका, प्रत्येक अंशागणिक ठोके साधारण दहाने उतरतात आणि थंड बाळात ते अपेक्षितच असतं. थंडीने बाळ कुडकुडू नये, त्याला त्रास होऊ नये म्हणून मॉर्फिनसारखं औषध थेंबाथेंबाने चालू असतं. ते बाळ इतकं शांत का, याचं अर्धं उत्तर त्या औषधात आहे.

या तीन दिवसांत पालकांना वाटतं की आपण फक्त काचेबाहेरचे प्रेक्षक आहोत. तसं नाही. हात धुऊन तळहात बाळाच्या डोक्यावर नुसता ठेवा, स्थिर. चोळणं, थोपटणं नको. हळू आवाजात बोला. आणि आईने दूध काढायला लागायचं, शक्य तितक्या लवकर, पहिल्या सहा तासांतच, आणि मग दिवसातून किमान आठ वेळा, रात्री एकदा धरून. सुरुवातीला चमचाभर चीक निघेल, तोही फेकायचा नाही. बाळाला तोंडाने दूध मिळायला अजून दिवस असले तरी अंगावरचं दूध आत्ताच सुरू ठेवलं नाही तर नंतर ते आणताना नाकीनऊ येतात.

लघवी कमी होणं, रक्त न गोठणं, यकृताचे आकडे वाढणं हे या दिवसांत दिसतं, कारण संकटात बाळाने बाकीच्या अवयवांचं रक्त मेंदू आणि हृदयाकडे वळवलेलं असतं. बहुतेक बाळांत हे अवयव काही दिवसांत सावरतात. ७२ तासांनंतर बाळाला हळूहळू, तासाला अर्ध्या अंशाहून वेगाने नाही, असं परत ऊब दिली जाते. या वेळी झटके उफाळू शकतात, त्यामुळे त्या रात्री नर्स जास्त वेळ बाळाजवळ दिसली तर ते नेहमीचंच आहे.

झटके कसे ओळखायचे

नवजात बाळाला मोठ्या माणसासारखी आकडी येत नाही. पाय सायकल चालवल्यासारखे फिरतात, ओठ चोखल्यासारखे हलतात, डोळे एका बाजूला खिळतात, किंवा श्वास काही सेकंद थांबतो. साध्या थरथरीतला फरक ओळखायची एक युक्ती आहे: थरथरणारा हात अलगद धरून किंचित वाकवा. थरथर थांबली तर बहुधा ती साधी थरथर; हाताखाली ठोका ठोका देत चालूच राहिली तर झटका समजा आणि नर्सला बोलवा. बरेच झटके तर बाहेरून दिसतच नाहीत, मेंदूच्या विद्युतलहरींच्या पट्टीवरच (ईईजीवर) सापडतात. म्हणून डोक्याला लावलेल्या त्या तारा काढायची घाई करू नका.

झटक्यांचं औषध घरी गेल्यावर किती दिवस द्यायचं? पूर्वी ते महिनोन्‌महिने चालायचं. झटके याच घटनेमुळे आलेले असतील आणि थांबले असतील, तर घरी जाण्याआधीच औषध बंद करावं, असं आता सुचवलं जातं. डिस्चार्जच्या कागदावर औषध दिसलं तर ‘हे कधी थांबवायचं?’ हा प्रश्न तिथेच विचारा. स्वतः मात्र बंद करू नका.

एमआरआय, आणि नंतरचं बोलणं

पहिल्या दिवशीची डोक्याची सोनोग्राफी चांगली आली म्हणून पेढे वाटू नका. ती सुरुवातीला साफ दिसूनही इजा असू शकते. खरी तपासणी एमआरआय, आणि ती साधारण चौथ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान. त्याहून फार उशीर झाला तर सुरुवातीच्या काही खुणा मधेच पुसट होऊन फसवतात.

रिपोर्टमध्ये मुख्यतः दोन नमुने दिसतात. पुरवठा एकदम, पूर्ण तुटला असेल तर मेंदूच्या मध्यभागातल्या बेसल गँगलिया आणि थॅलॅमस या केंद्रांना मार बसतो. हालचाल, गिळणं, शरीराचा ताण यांना पुढे धोका जास्त. पुरवठा बराच काळ अर्धवट होता, तर दोन मोठ्या रक्तवाहिन्यांच्या सीमेवरच्या पट्ट्यांना मार बसतो. तिथे चालणं ठीक होऊनही शिकणं, बोलणं, लक्ष देणं यांत अडचण पुढे, शाळेच्या वयात दिसू शकते. रिपोर्ट घेऊन तीन ठिकाणी धावण्यापेक्षा ज्यांनी बाळ रोज पाहिलंय त्या डॉक्टरांबरोबर अर्धा तास बसा. नुसत्या फिल्मपेक्षा फिल्म, ईईजी आणि बाळाची रोजची तपासणी यांची सांगड जास्त खरं बोलते. पहिल्या आठवड्यात बाळ जागं होऊन नीट चोखायला लागलं तर ती मोठी चांगली खूण असते.

तीव्र इजेच्या बाळांत कधी असंही बोलणं होतं की यंत्रं चालू ठेवून बाळाला काय मिळणार. हे बोलणं काढणारे डॉक्टर निर्दयी नसतात. ते उभ्या उभ्या होऊ देऊ नका, दोघांनीही हजर राहा, लगेच उत्तर द्यायचं बंधन नसतं, आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत मागायचा तुम्हाला हक्क आहे.

प्रत्येक मलूल बाळ प्राणवायूमुळेच मलूल असतं असंही नाही. चयापचयाचे आजार, जंतुसंसर्ग, मेंदूतला छोटा पक्षाघात, जनुकीय दोष हे सगळे अगदी असेच दिसू शकतात. कळा, ठोके, रक्ताची आम्लता सगळं ठीक होतं आणि तरी बाळ असं आहे, तर ‘दुसरं काही असू शकेल का?’ हे जरूर विचारा. हा वाद जुनाच आहे. अवघड बाळंतपण आणि मुलांचं लुळेपण यांचा संबंध विल्यम लिटल या शल्यचिकित्सकांनी १८६१ मध्ये लंडनमध्ये मांडला, आणि १८९७ मध्ये सिग्मंड फ्रॉइड यांनी, हो, मनोविश्लेषणवाले तेच, उलट शंका काढली की अवघड बाळंतपण हेच कधीकधी आधीपासूनच्या बिघाडाचं लक्षण असेल. सेरेब्रल पाल्सीच्या थोड्याच मुलांत कारण जन्मावेळचा गुदमर असतो, हे आता मान्य आहे.

घरी नेताना

दूध पिताना बाळ दमतं का, ठसका लागतो का, निळं पडतं का, हे डिस्चार्जआधी एक पूर्ण फीड डॉक्टरांसमोर किंवा गिळण्याच्या तज्ज्ञांसमोर देऊन बघा. नळीने दूध देत घरी जावं लागलं तर नळी जागेवर आहे का, ते कसं तपासायचं हे स्वतःच्या हातांनी करून दाखवल्याशिवाय निघू नका.

थंड केलेल्या बाळांत एक गोष्ट घरी गेल्यावर दिसते आणि तिची कल्पना फारशी कोणी देत नाही. पहिल्या काही आठवड्यांत पाठीवर, खांद्यांवर, दंडांवर लालसर, टणक गाठी किंवा चकत्या येऊ शकतात. त्या त्वचेखालच्या चरबीच्या असतात आणि आपोआप जातात, पण त्यांच्यासोबत रक्तातलं कॅल्शियम वाढू शकतं. बाळ दूध नाकारायला लागलं, ओकायला लागलं, वजन थांबलं, तर कॅल्शियम तपासून घ्या. अशा गाठी असताना व्हिटॅमिन डीचे थेंब चालू ठेवायचे का, हेही विचारा.

कानांची तपासणी बेरा पद्धतीनेच (डोक्याला तारा लावून, आवाज मेंदूपर्यंत पोचतो का हे बघणारी) करून घ्या. बोंडी कानात घालून होणारी सोपी तपासणी कानाची नस बिघडलेली असेल तर फसते. लसी स्वतःच्या मनाने लांबवू नका.

पहिली दोन वर्षं

तीन ते पाच महिन्यांच्या दरम्यान बाळ उताणं पडलेलं असताना हातापायांची, मानेची बारीक बारीक, सगळ्या दिशांची चुळबुळ दिसते. प्रशिक्षित माणूस काही मिनिटांचा व्हिडिओ पाहून यावरून पुढचा बराच अंदाज बांधू शकतो. म्हणून त्या वयाची भेट चुकवू नका, आणि ‘वर्षाचं होऊ दे मग बघू’ हा सल्ला ऐकू नका. सेरेब्रल पाल्सीचं निदान किंवा तिचा दाट संशय आता सहा महिन्यांच्या आतही घेता येतो, आणि लवकर सुरू केलेल्या सरावाचा उपयोग जास्त असतो.

घरी लक्ष ठेवायच्या गोष्टी: चार महिन्यांनंतरही मुठी घट्ट मिटलेल्या, नऊ महिन्यांना आधाराशिवाय न बसणं, डोक्याचा घेर वाढायचा थांबणं, आणि वर्षाच्या आत एकाच हाताने सगळं उचलणं. शेवटच्या खुणेचं कौतुक होतं, ‘डावखुरा होणार’ म्हणतात. इतक्या लहान वयात हात ठरलेला नसतो. दुसरा हात काम करत नाही, एवढाच बहुधा त्याचा अर्थ. डोळे तपासणीत साफ असूनही बाळ चेहऱ्याकडे बघत नसेल तर अडचण डोळ्यांत नसून मेंदूच्या दृष्टिकेंद्रात असू शकते.

तीन ते आठ महिन्यांत आणखी एक गोष्ट सांभाळायची. झोपेतून उठल्या उठल्या बाळ एकाएकी मान खाली टाकतं, दोन्ही हात फेकल्यासारखे पुढे येतात, क्षणभर थांबतं, आणि काही सेकंदांनी परत तेच, असं ओळीने दहा-वीस वेळा. लोक याला दचकणं किंवा पोटदुखी समजतात. ही इन्फंटाइल स्पाझम्स, म्हणजे तान्ह्या बाळांतले एका प्रकारचे झटके, असू शकतात. मोबाइलवर व्हिडिओ घ्या आणि दोन-तीन दिवसांच्या आत ईईजी करून घ्या. यात उशिराची किंमत मेंदूच्या वाढीला मोजावी लागते.

व्यायामाबाबत माझं मत स्पष्ट आहे. दिवसातून दोनदा कोणीतरी येऊन हातपाय ओढून गेलं तर त्याने फार फरक पडत नाही. बाळाने स्वतः हालचाल करायची असते. खेळणं थोडं लांब ठेवा, जागं असताना पालथं ठेवा, अशक्त हाताला आधी संधी द्या. थेरपिस्टकडून शिकायचं आणि अंघोळ, दूध, कपडे बदलणं यांतच ते मिसळून टाकायचं. आणि सगळं छान चाललं तरी १८ ते २४ महिन्यांची विकासतपासणी आणि शाळेआधीची एक तपासणी करायचीच, सौम्य पायरीतल्या बाळांचीसुद्धा.

महागडी आश्वासनं देणारे याच काळात भेटतात. स्टेम सेल, उच्च दाबाच्या ऑक्सिजनच्या टाक्या, मेंदूचं टॉनिक. चाचण्यांच्या चौकटीबाहेर पैसे घेऊन दिल्या जाणाऱ्या यातल्या कशाचाही फायदा सिद्ध झालेला नाही. एरिथ्रोपोएटिन हे तर्काने अगदी पटण्यासारखं औषध होतं. मोठ्या चाचणीचा निकाल २०२२ मध्ये आला आणि थंड करण्याच्या जोडीने दिल्यावर त्याचा जास्तीचा उपयोग झाला नाही. चांगल्या कल्पनेचंही असं होतं, तर जाहिरातीचं काय.

फाईल आणि पुढचं बाळंतपण

एकाच फाईलमध्ये ठेवा: जन्माची वेळ, अपगार, नाळेच्या रक्ताचा रिपोर्ट, कळांच्या वेळच्या ठोक्यांची पट्टी, वारेचा रिपोर्ट, ईईजी, एमआरआयची सीडी. दवाखान्यात काही चुकलं असं वाटत असेल तर आधी कागद मागा आणि एका दुसऱ्या तज्ज्ञाकडून वाचून घ्या. रागात केलेला आरोप आणि भीतीपोटी गिळलेला प्रश्न, दोन्हींनी उत्तर मिळत नाही. आई-वडिलांपैकी कोणाची झोप उडाली असेल, तीच रात्र पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येत असेल, तर त्यावरही उपचार आहेत आणि ते बाळाच्या तपासणीइतकेच गरजेचे आहेत.

पुढच्या वेळी धोका किती, हे मूळ कारणावर ठरतं. नाळ खाली घसरणं सहसा पुन्हा होत नाही. वार सुटणं, गर्भाशयाचा व्रण फाटणं, खांदे अडकणं किंवा वाढलेला रक्तदाब यांत ते पुन्हा होण्याची शक्यता असते, आणि त्यासाठी औषध, प्रसूतीची वेळ, पद्धत आणि जागा आधीच ठरवता येते. रक्तदाबाचा त्रास झाला होता त्यांना कमी मात्रेतलं ॲस्पिरिन सुचवलं जातं आणि ते साधारण १२ ते १६ आठवड्यांच्या दरम्यान सुरू करावं लागतं. म्हणून ही फाईल पाचव्या महिन्यात काढू नका, पहिल्याच भेटीला घेऊन जा.